आमवातात सांधे खराब होतील का, हे रक्तावरून कळतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर-पारोळा पट्ट्यात लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे रिपोर्टचं पाकीट हातात पडल्या पडल्या लोक काउंटरवरच उभं राहून जे विचारतात तेच इथं लिहिलंय. मी डॉक्टर नाही, गोळी कोणती घ्यायची ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण रिपोर्टवरचा कोणता आकडा कशासाठी असतो आणि कुठल्या आकड्याला उगाच घाबरायचं नाही एवढं नक्की सांगू शकतो.

माझे गुडघे दुखतात, म्हणजे मला आमवात आहे का?

बहुतेक वेळा नाही. साठीनंतर गुडघे दुखणं, जिना चढताना त्रास होणं, बसून उठताना कट्कट् वाजणं हा वेगळा प्रकार, ती झीज. आमवात म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि तो तिशी-चाळिशीतल्या बायांना जास्त होतो, पुरुषांच्या दोन-तीन पट. पुणे जिल्ह्यात भिगवणला गावोगाव जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे झाला होता, त्यात आणि देशातल्या बाकी पाहणीतही शंभरात साधारण अर्धा ते एक असं प्रमाण निघालंय, म्हणजे दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात दहा-वीस जण असणारच.

ओळखायची खूण म्हणजे सकाळ. एक मावशी आल्या होत्या पारोळ्याकडच्या, म्हणे "भाऊ, मना बोटं सकायले उघडतसच नाही", भाकरी थापायला बसल्या की पीठ हाताला चिकटतं पण हात काही पसरत नाही, मग सून थापते आणि दहा-अकरा वाजता हात आपोआप मोकळे होतात. बोटांचे मधले सांधे, बोटांची मुळं, मनगट, दोन्ही हातांना सारखंच, सुजलेलं, दाबलं तर मऊ लागतं, आणि सकाळचं आखडणं अर्धा-एक तासाच्या वर. बांगडी एकाएकी चढेनाशी झाली हे तर मी कितीदा ऐकलंय. असं सहा आठवड्यांच्या वर चाललं तर मग रक्त तपासायला अर्थ आहे.

सांधा "खराब होतो" म्हणजे आत नेमकं होतं तरी काय?

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं, त्याचं काम वंगण बनवायचं. आमवातात ते सुजतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते हाडाच्या कडेवर पसरायला लागतं, याला पॅनस म्हणतात. तिथून निघणारी रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना कामाला लावतात, रँकल नावाचं प्रोटीन त्यात मुख्य. मग हाडाच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडते. एक्स-रेमध्ये डॉक्टर "इरोजन" लिहितात ते हेच. दुसरीकडे कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, झिजते, दोन हाडांमधली फट कमी होते.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पडलेली खाच सहसा भरून येत नाही, सूज जाते, दुखणं जातं, पण खाच तशीच राहते. दुसरी, हे नुकसान पहिल्या दोनेक वर्षांतच जोरात सुरू होतं, आणि बऱ्याचदा आधी पायात दिसतं, करंगळीच्या मुळाशी, जिथं कुणाचं लक्षच नसतं. म्हणून तर आधीच अंदाज यायला हवा, कोणाचा आजार नुसता दुखवणारा आहे आणि कोणाचा हाड खाणारा.

मग रक्तातून तो अंदाज येतो का नाही? सरळ सांगा.

येतो, पण अंदाजच येतो. पत्रिका नाही ती.

रक्तातल्या टेस्ट दोन जातीच्या. काही टेस्ट आजाराचा स्वभाव सांगतात, त्या म्हणजे अँटीबॉडी, प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रोटीनं: आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. काही टेस्ट आज किती भडका उडालाय ते सांगतात, त्या सीआरपी आणि ईएसआर. शेतकरी माणसाला सांगायचं तर पहिल्या टेस्ट म्हणजे जमीन कशी आहे आणि दुसऱ्या म्हणजे आज हवामान कसं आहे, आणि पीक कसं येईल ते एकट्या जमिनीवरून कोणी सांगत नाही. अँटीबॉडी जोरात पॉझिटिव्ह, सीआरपी महिनोन् महिने वर, सुजलेले सांधे जास्त आणि पहिल्याच एक्स-रेत एखादी खाच, या चारही गोष्टी एकत्र असल्या तर सांधे खराब व्हायचा धोका खरंच जास्त. यातली एकच असली तर लगेच हातपाय गाळू नका.

हॉलंडमध्ये ५०८ पेशंटवर "बेस्ट" नावाची मोठी ट्रायल झाली, त्यातून २०१० साली एक तक्ताच काढला गेला: सुरुवातीची सीआरपी, अँटीबॉडी आणि एक्स-रेतल्या खाचा घाला आणि अमुक उपचारावर पुढच्या एका वर्षात झपाट्याने नुकसान व्हायची शक्यता किती ते वाचा. त्या तक्त्यात मला सगळ्यात आवडतं ते असं की त्याच पेशंटचा, त्याच रक्ताचा धोका उपचार बदलला की बदलतो. आकडे तेच, औषध जोरदार, तर धोका कमी. म्हणजे रिपोर्टमध्ये लिहिलंय तेच होणार असं नाही.

आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला. झालाच ना मग?

नाही. हा सगळ्यात जास्त घोळ घालणारा रिपोर्ट आहे.

टेस्ट जुनी आहे, नॉर्वेच्या वालर यांनी १९४० मध्ये मेंढीच्या रक्तपेशी वापरताना ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली आणि १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ आणि मंडळींनी आमवाताशी तिचा संबंध पक्का केला. शरीराने स्वतःच्याच अँटीबॉडीविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी, असं तिचं स्वरूप. आमवाताच्या शंभर पेशंटमध्ये सत्तर-ऐंशी जणांत सापडते, हे बरोबर. पण चांगल्या धडधाकट माणसांतही शंभरात चार-पाच जणांत सापडते, म्हाताऱ्यांत त्याहून जास्त, शिवाय टीबी, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन, डोळे-तोंड कोरडं पडणारा जोग्रेन नावाचा आजार, यातही पॉझिटिव्ह येते. आमच्याकडे पाठ दुखते म्हणून, टाच दुखते म्हणूनसुद्धा ही टेस्ट लिहिलेली असते आणि मग २४ आकडा आला की घरात सुतक.

आणखी एक, काही ठिकाणी अजून काचेच्या पट्टीवरची लॅटेक्स टेस्ट करतात, थेंबात दाणे पडले की पॉझिटिव्ह, नाही पडले की निगेटिव्ह. त्यातून आकडा मिळत नाही आणि अंदाज बांधायला आकडाच लागतो. रक्त देताना सरळ विचारा, "आकडा येणार ना?" आकडा नॉर्मलच्या हद्दीच्या तीन पटीपेक्षा वर असेल आणि सोबत सांधे सुजलेले असतील तर तो गंभीरपणे घ्यायचा.

अँटी-सीसीपी म्हणजे काय? एवढी महाग का आणि करायलाच पाहिजे का?

सुजेच्या ठिकाणी आपल्या प्रोटीनमध्ये एक छोटा बदल होतो, आर्जिनिन नावाच्या घटकाचं सिट्रुलिन बनतं, हे काम पॅड नावाचे एन्झाइम करतात. हा बदल कुणाच्याही शरीरात होतो, पण आमवाताच्या पेशंटची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रोटीनला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते. ती मोजायची म्हणजे अँटी-सीसीपी.

करायलाच पाहिजे का, तर माझं मत विचाराल तर संशय खरा असेल तेव्हा पैसे घालवायचे ते इथंच घालवावेत. ही टेस्ट आरए फॅक्टरपेक्षा बरीच महाग आहे आणि तालुक्याच्या बऱ्याच लॅबमधून सॅम्पल मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबला जातं, रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. पण आमवात नसलेल्या शंभरात साधारण पंच्याण्णव जणांत ती निगेटिव्हच येते, म्हणून पॉझिटिव्ह आली तर तिला वजन आहे. उलट बाजूने मात्र ती सगळ्यांना पकडत नाही, आमवाताच्या शंभरात साठ-सत्तर जणांनाच पकडते.

सांधे खराब होण्याच्या बाबतीत आज रोजच्या वापरात असलेल्या रक्ताच्या टेस्टमध्ये हीच सगळ्यात पुढे आहे. पॉझिटिव्ह लोकांत हाडाला खाचा पडायचं प्रमाण जास्त, आणि आरए फॅक्टरही जोरात असेल तर अजून जास्त. यामागे कारणही सापडलंय, या अँटीबॉडी नुसत्या साक्षीदार नाहीत, हाड खाणाऱ्या पेशींना त्या थेट चेतवतात असं प्रयोगांतून दिसलंय. म्हणूनच काही पेशंटमध्ये सूज दिसण्याआधीच हाड पातळ व्हायला सुरुवात झालेली असते. आणि ही अँटीबॉडी लक्षणं यायच्या काही वर्षं आधीसुद्धा रक्तात असू शकते.

माझा अँटी-सीसीपी २०० आला, नणंदेचा ६०. मला तिच्यापेक्षा तिप्पट त्रास होणार का?

नाही हो, तसं गणित नसतं. एकतर वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनची हद्द वेगळी असते, कुठं ५ च्या वर पॉझिटिव्ह, कुठं १७ च्या वर, कुठं २० च्या वर. ५ हद्दवाल्या मशीनवरचा ६० हा १२ पट झाला आणि २० हद्दवाल्यावरचा २०० हा १० पट. झालं ना उलटं? दुसरं म्हणजे काही मशीन एका मर्यादेच्या पुढे मोजतच नाहीत, "२०० पेक्षा जास्त" एवढंच छापतात. डॉक्टर लोक फक्त तीन खाने बघतात: निगेटिव्ह, थोडं पॉझिटिव्ह, आणि हद्दीच्या तिप्पटीच्या वर म्हणजे जोरात पॉझिटिव्ह. २०१० मध्ये अमेरिका-युरोपच्या संघटनांनी मिळून आमवात ठरवायचे गुण ठरवले, १० पैकी ६ झाले की आमवात धरायचा, त्यात थोड्या पॉझिटिव्हला २ आणि जोरातल्याला ३ गुण आहेत. २०० ला आणि ९०० ला तेच तीन.

दर तीन महिन्यांनी अँटी-सीसीपी करून बघू का कमी झाला का ते?

नको. पैसे वाचवा. एकदा नीट झाली की ती परत परत करण्यात काही हशील नाही, सांधे मस्त बरे झालेले असतात तरी हा आकडा वरच राहू शकतो आणि तो बघून माणूस विनाकारण खचतो. त्या पैशात सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिव्हर, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि सीआरपी करा, औषध चालू असताना त्या टेस्ट खरंच लागतात.

सीआरपी आणि ईएसआर दोन्ही कशाला? एकीने भागत नाही का?

दोन्ही सूज मोजतात पण वेगवेगळ्या वाटेने. सीआरपी लिव्हर बनवतं, इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप आला की, आणि सूज ओसरली की दोन-चार दिवसांत खाली येते. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या, ती हळू चढते, हळू उतरते, आणि तिच्यात बाकीच्या दहा गोष्टी ढवळाढवळ करतात. रक्त कमी असलं की ईएसआर वाढते, आणि आपल्याकडे आठ-नऊ हिमोग्लोबिनच्या बाया काही कमी नाहीत. गरोदरपणात वाढते. वयानेही वाढते, ढोबळ हिशोब असा की पुरुषाच्या वयाच्या निम्मी आणि बाईच्या वयात दहा मिळवून त्याच्या निम्मी इथपर्यंत चालते, म्हणजे साठ वर्षांच्या आजीबाईंची ३५ ईएसआर बघून आमवात वाढला म्हणू नका.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त पिशवीत घालून मोटारसायकलवर दुपारी लॅबला पोचलं तर त्या ईएसआरवर माझा तरी भरवसा नाही. साध्या तापमानाला चारेक तासांच्या आत ती लावायला हवी आणि उष्णतेने आकडा वर सरकतो. शक्य असेल तर ईएसआर जिथं मशीन आहे तिथंच जाऊन द्या, आणि दर वेळी एकाच लॅबला.

सीआरपीत फसगत होते ती युनिटची. काही लॅब एमजी पर लिटर लिहितात, काही एमजी पर डेसिलिटर, आणि दोघांत दहा पटीचा फरक. मागे एक काका धुळ्याचा रिपोर्ट घेऊन आले, २.४, आणि आमच्याकडचा आधीचा २६, खुश होऊन म्हणे दहावा हिस्सा झाला. युनिट बघितलं तर धुळ्याचं डेसिलिटर. म्हणजे २४. जिथं होते तिथंच होते बिचारे. आकड्याशेजारचं बारीक अक्षर वाचत चला.

सांध्यांच्या दृष्टीने एखाद्या दिवशीचा आकडा फार सांगत नाही. सर्दी-ताप, दाताचा फोड, लघवीचं इन्फेक्शन, कशानेही सीआरपी उडते. पण महिन्यामागून महिने ती वरच असेल तर सूज आत चालू आहे आणि हाडाला मार बसतोय असं धरायचं. वर्षभरातल्या सगळ्या सीआरपी एका कागदावर ओळीने लिहून डॉक्टरांना दाखवा.

सीआरपी नॉर्मल आली, मग औषध बंद करू?

अजिबात नाही. बऱ्याच पेशंटची सीआरपी नॉर्मल असते आणि बोटं सुजलेलीच असतात. सांधे बघायचे, दाबायचे, मोजायचे, ते रक्त करू शकत नाही. डॉक्टर २८ सांधे मोजून सीआरपी किंवा ईएसआर घालून एक स्कोअर काढतात, २.६ च्या खाली आला तर आजार शांत, ५.१ च्या वर म्हणजे जोरात. तुमच्या कागदावर हा आकडा नसेल तर विचारा.

आणखी एक मेख: टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन चालू असेल तर ते इंटरल्यूकिन-६ लाच अडवतं, निरोपच पोचत नाही म्हणून लिव्हर सीआरपी बनवत नाही, आणि रिपोर्ट कायम सुंदर. सांधा सुजलेला असो का अंगात इन्फेक्शन असो, सीआरपी एक. रक्त द्यायला आलात की असं काही इंजेक्शन चालू असल्याचं सांगत चला.

आरए फॅक्टरही निगेटिव्ह, अँटी-सीसीपीही निगेटिव्ह, पण बोटं तर सुजलीत!

होतं असं, चार-पाचातल्या एकाला तरी. सीरोनिगेटिव्ह म्हणतात. सरासरीने यांचे सांधे कमी खराब होतात हे खरं, पण सरासरी तुमच्या बोटाला लागू पडेलच असं नाही, खाचा यांनाही पडतात. आणि निगेटिव्हमुळे निदानाला उशीर होतो हा वेगळाच त्रास. इथं सांध्याची सोनोग्राफी कामाला येते, आतलं अस्तर सुजलंय का, त्यात रक्तप्रवाह वाढलाय का ते दिसतं. त्वचेवर सोरायसिसचे चट्टे आहेत का तेही सांगा, लोक ते लपवतात.

मागे चिकुनगुन्या झाला होता, तेव्हापासून सांधे धरलेत. हा आमवातच का?

२००६ च्या साथीपासून हा प्रश्न संपलेला नाही. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने चालू शकते, आणि ती दिसायला हुबेहूब आमवातासारखी, तेच मनगट, तीच बोटं, तीच सकाळ. अँटी-सीसीपी बहुतेकांत निगेटिव्ह येते, त्यामुळे ती जोरात पॉझिटिव्ह आली तर चिकुनगुन्यावर ढकलून बसू नका. ताप येऊन गेल्याला तीन महिने झाले तरी सूज आहे तर दाखवाच.

लॅबचं "आर्थ्रायटिस प्रोफाइल" पॅकेज स्वस्त पडतं ना?

स्वस्त पडतं पण पोटात काय असतं बघा. आरए फॅक्टर, सीआरपी, ईएसआर, युरिक अॅसिड, कॅल्शियम आणि एएसओ. एएसओ ही घशाच्या जंतूंची टेस्ट, लहान मुलांच्या संधिज्वरासाठी, चाळिशीच्या बाईच्या बोटांशी तिचा काही संबंध नाही. युरिक अॅसिड गाउटसाठी, म्हणजे ते सांध्यात साठून होणाऱ्या वेगळ्या दुखण्यासाठी, आणि थोडं वाढलेलं युरिक अॅसिड कितीतरी लोकांत असतं, मग त्याच्याच गोळ्या सुरू होतात आणि डाळ बंद. ज्या टेस्टने पुढचा अंदाज येतो ती अँटी-सीसीपी मात्र बऱ्याच पॅकेजमध्ये नसतेच. माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण पॅकेज घेण्यापेक्षा डॉक्टरांनी लिहिलेल्या चार टेस्ट सुट्ट्या करा.

नेटवर १४-३-३ ईटा, एमएमपी-३, असल्या टेस्ट वाचल्या. त्या करायच्या का?

वाचायला भारी आहेत. १४-३-३ ईटा हे प्रोटीन सुजलेल्या सांध्यातून रक्तात उतरतं. एमएमपी-३ हे कूर्चा कापणारं एन्झाइम, जपानमध्ये ते नेहमीच्या तपासणीत वापरतात, पण स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही वाढतं. सीटीएक्स-१ म्हणजे हाडाचे तुकडे, सीटीएक्स-२ म्हणजे कूर्चाचे, ते लघवीत मोजतात. कॅल्प्रोटेक्टिन थेट सांध्यातल्या पांढऱ्या पेशींतून येतं म्हणून सीआरपी गप्प असताना ते बोलतं असं काही अभ्यासांत दिसलंय. अँटी-कार्ब-पी ही आणखी एक अँटीबॉडी, २०११ मध्ये पुढे आली, अँटी-सीसीपी निगेटिव्ह असलेल्या काहींत सापडते. अमेरिकेत व्हेक्ट्रा नावाची टेस्ट आहे, १२ प्रोटीन एकदम मोजून १ ते १०० मध्ये एक स्कोअर, ४४ च्या वर म्हणजे धोका जास्त.

तरी यातलं काहीही करायची घाई नको. समजा एमएमपी-३ वाढलेलं आलं, तर डॉक्टर करणार काय? जे अँटी-सीसीपी, सीआरपी आणि सुजलेले सांधे बघून करणार होते तेच. ज्या टेस्टने औषध बदलत नाही तिच्यासाठी नाशिक-मुंबईची फेरी आणि हजारोंचं बिल कशाला.

धोका जास्त आहे असं दिसलं तर उपचारात फरक पडतो का?

पडतो, आणि टेस्ट करायचं खरं कारण हेच. सुरुवात बहुतेकांची मेथोट्रेक्सेटनेच होते, आमवाताचं ते मुख्य औषध. तीन महिन्यांत फरक दिसला पाहिजे, सहा महिन्यांत आजार शांत व्हायला पाहिजे, नाही झाला तर पुढचं पाऊल. इथं धोका बघतात. अँटीबॉडी जोरात, सूज जास्त, खाचा आधीच पडलेल्या, तर दुसऱ्या साध्या गोळीचा खेळ न करता बायोलॉजिक इंजेक्शन किंवा नव्या गोळ्यांकडे लवकर जातात. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते, ती टाळू नका. रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन तर अँटीबॉडी पॉझिटिव्ह लोकांत जास्त चांगलं चालतं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. एकदाच. रोज घेतल्याने तोंडात फोड, पांढऱ्या पेशी खाली, माणूस थेट आयसीयूत, असे सीबीसी मी स्वतः मशीनमधून निघताना पाहिलेत. गावाच्या आठवडे बाजाराचा दिवस पक्का करा, बाजार त्या दिवशी गोळी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या ध्यानात राहतं. फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. आणि ज्यांना मूल हवंय त्यांनी आधी डॉक्टरांशी बोला, मेथोट्रेक्सेटवर दिवस जाऊ द्यायचे नसतात.

एका ठिकाणच्या पुड्यांनी आठ दिवसांत हात मोकळे झाले आणि सीआरपीपण उतरली. मग?

नाव-गाव नसलेल्या पुडीने आठ दिवसांत आमवात पळत असेल तर माझा पहिला संशय स्टेरॉइडचा. स्टेरॉइडने सीआरपी उतरतेच, त्यामुळे रिपोर्टवरून आजार गेला असं डॉक्टरांनाही वाटू शकतं. पाठीमागून साखर वाढते, हाडं पोकळ होतात, चेहरा सुजतो. आणि घाबरून एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी उचला आणि डॉक्टरांसमोर ठेवा, रागावले तर रागावू द्या.

विडी-सिगरेटचा काय संबंध? दुखतात सांधे, ओढतोय फुप्फुसात!

संबंध फुप्फुसातूनच आहे. धुराने फुप्फुसात ते सिट्रुलिनवालं प्रकरण वाढतं आणि अँटी-सीसीपीचा आजार तिथूनच सुरू होतो असं मानतात. ओढणाऱ्यांत अँटीबॉडी जास्त आणि मेथोट्रेक्सेट कमी चालतं. हिरड्या सुजणं, पायोरिया, याचाही धागा सापडलाय, तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे एक चक्कर मारा.

मला आहे, तर मुलीचीही टेस्ट करून घेऊ का? लग्नाची आहे.

तिला काही त्रास आहे का? नाही ना, मग नको. आई-बाप, भाऊ-बहिणीला असेल तर धोका साधारण तिप्पट धरतात, पण मुळात शंभरात एकाच्या आत असलेल्या गोष्टीचे तिप्पट म्हणजे शंभरात दोन-तीन, बाकीच्या सत्त्याण्णवांना काही होत नाही. उगाच पॉझिटिव्ह आली तर आजार नसताना सोयरिकीत बोभाटा, आणि आपल्याकडे तो कसा होतो ते मी सांगायला नको.

बोटं दुखतात, सकाळी आखडतात असं तीच म्हणत असेल तर मात्र करा. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आणि सांधे दुखतात पण सूज अजून नाही, अशा लोकांना सहा महिने ते वर्षभर अबॅटासेप्ट नावाचं इंजेक्शन देऊन आजार लांबवता येतो का हे दोन ट्रायलमध्ये बघितलं गेलं, २०२४ मध्ये निकाल आले, लांबवता येतो. कायमचा थांबतो असं नाही.

उपाशीपोटी यायचं का?

या टेस्टसाठी गरज नाही, भाकरी खाऊन या. फक्त केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देतानाच सांगा, काही मशीनवर त्याने आकडा चुकतो. आणि ताप असेल तर तो उतरून आठवडाभर जाऊ द्या, नाहीतर सीआरपी तापाची येईल.

एक्स-रे कशाला मग, रक्त दिलंच की?

रक्त धोका सांगतं, एक्स-रे झालेलं नुकसान. दोन्ही हात आणि दोन्ही पावलं, सुरुवातीला एकदा, मग डॉक्टर सांगतील तसं. पावलांचा काढत नाहीत लोक, तो मागून घ्या.

सांधेवाल्या मोठ्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना काय काय न्यायचं?

सगळे जुने रिपोर्ट तारखेने लावून, मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा कागद बरे. अँटी-सीसीपीचा तो एक रिपोर्ट हद्दीसकट, म्हणजे आकड्यासमोर नॉर्मल किती छापलंय ते दिसलं पाहिजे. एक्स-रेची फिल्म, नुसतं लिहिलेलं नको. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पुड्यासुद्धा. सूज सकाळी असते आणि तुम्ही पहाटेच्या गाडीने निघून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत दुपार होते, तोवर बोटं उतरलेली असतात, म्हणून घरी सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवा, मुठी वळून एक आणि बोटं पसरून एक.